तळहातावरचं तूप

भर वैशाखात अमरावतीच्या बाजारात मी भाजीच्या गाडीवर गोधडी पांघरून बसले होते, आणि ते पाहून आनंद झालेला माणूस मला जन्मात एकच भेटला. बाकीचे लोक बघत, कुजबुजत आणि पुढे जात. हा उंच, वाळका म्हातारा वांग्यांच्या ढिगाला वळसा घालून सरळ गाडीजवळ आला. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं आणि खुशीनं टाळी वाजवली.

"हिले थंडी वाजून राहिली!" तो आमच्या यांना म्हणाला. "बापा, वैशाखात थंडी! मेळघाटातली हाय ना पोरगी?"

आमचे हे वलगावचे माळी. एरवी शांत, पण परका माणूस बायकोच्या गळ्याकडे टक लावून बघतो म्हटल्यावर त्यांनी हातात बैलाची काठी घेतलीच होती. मेळघाटाचं नाव ऐकून ते थबकले.

"हाव, धारनीकडची हाय. तुमाले काहून पायजे?"

"आधी हे सांगा, काय काय करत होती अन् काय काय करनं सोडलं?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न, हे मला पुढे कळलं. काय दुखतं, कुठं दुखतं असं त्यांनी कुणालाही कधी विचारलं नाही. दुखणं माणूस फुगवून सांगतो, सोडलेलं काम खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे बोटं मोडत सांगायला लागले. पहिल्या वर्षी ही सकाळभरात तीस हार गुंफायची, आता तीन. उभ्या उभ्या झोपते. भाजीत मीठ दोनदा घालते, नाहीतर घालतच नाही. केसांचा पुंजका फणीला येतो. आवाज जाड झाला. शेवटी म्हणाले, "गानं म्हनत होती. सोडलं."

मी गाणं सोडलं हे मलाच ठाऊक नव्हतं. यांनी ते मोजून ठेवलं होतं हेही ठाऊक नव्हतं. मला रडू आलं असतं, पण त्या दिवसांत रडायलाही मला फार वेळ लागायचा.

ते वैद्य होते. नाव मी लिहीत नाही. अमरावतीत त्यांना सगळे थांबबुवाच म्हणत, कारण दर दोन वाक्यांमागे ते "थांब" म्हणायचे. फेट्याच्या घडीत गुंजा ठेवायचे. लाल, काळ्या टिपक्याच्या त्या बिया म्हणजे त्यांची वजनं. फेटा कधी नीट बांधलेला नसे, त्यामुळे बुवा ज्या वाटेनं गेले त्या वाटेवर गुंजा सांडलेल्या असत. जेवायचे उभ्यानं. बसून जेवलं की झोप येते आणि झोप आली की विचार तुटतो, म्हणे. अंगात बारा महिने एकच बंडी. ती इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कुणी पैजेवरही सांगितला नसता.

ती सालं कापसाची होती. कुठं तरी सातासमुद्रापार साहेबलोकांच्या मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कोण कोणाशी लढतंय हे एकालाही माहीत नव्हतं, पण ती लवकर संपू नये म्हणून नवस बोललेले लोक मला माहीत आहेत. कुणब्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. आमच्या शेजाऱ्यानं फुलावर आलेला वांग्याचा वाफा मोडून सरकी टोचली. दोन माणसं भेटली की रामराम नंतर, भाव आधी. बुवांना याचा भयंकर तिटकारा. त्यांच्या अंगणात कडुनिंब होता. जो कापसाचा भाव काढील त्यानं मूठभर पाला चावून खायचा, मगच औषध, असा त्यांचा नियम होता. एका दलालानं एका बैठकीत तीनदा पाला खाल्ला आणि चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा बुवाच म्हणाले, "जाय बापा, तुह्यावर इलाज नाई."

माझं दुखणं काय होतं ते सांगायला हवं. माझ्या माहेरी गळ्याला फुगवटा असणं हा आजारच नव्हता. आजीला होता, आईला होता, शेजारणीला होता. आमच्याकडच्या नवरीची काळी पोत ओवताना सोनार माप न घेताच चार मणी जास्त घालायचा, पुढे लागतील म्हणून. माझ्याही पोतीत ते चार मणी होते. लग्नानंतर तीन वर्षांत तेही पुरेनासे झाले.

त्याचं मला भय नव्हतं. भय वेगळं होतं. माझ्या पाठचा भाऊ जन्मला तेव्हा रडला नव्हता. पुढेही कधी नीट रडला नाही, बोलला नाही, दहा वर्षांचा झाला तरी तीन वर्षांच्या पोराएवढाच राहिला. अशी मुलं आमच्या गावात चार घरांआड एक होती. गळा फुगलेल्या बाईच्या पोटी ती येतात हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडानं बोलत नसे. लग्नाला चार वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. सासूबाई मूल व्हावं म्हणून देवाला साकडं घालत होत्या. मी होऊ नये म्हणून घालत होते.

सासूबाईंनी यांना वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात माझी कूस उजवली नाही तर दर्यापूरकडची मुलगी करायची. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना नातवंड हवं होतं आणि घरात हातीपायी धड सून हवी होती, यात चुकीचं काय? मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

बुवांचं औषध म्हणजे एक राख. खारट, काळपट, नाक मुरडावं असा वास असलेली. ही राख त्यांना कुठल्या पोथीत सापडली नव्हती. समुद्रकाठच्या लोकांचे गळे फुगत नाहीत असं त्यांनी एका गाडीवानाकडून ऐकलं. दुसरा कुणी असता तर "असं का?" म्हणून पान लावलं असतं. बुवा कापसाच्या गाडीवर बसले आणि थेट मुंबईच्या बंदराला गेले. ती हकीकत त्यांनी आमच्या ओसरीवर उभ्यानं भाकर खात सांगितली होती.

"महिनाभर लोकाइचे गळे पाह्यत हिंडलो. कोळनीचे पाह्यले, शेटानीचे पाह्यले, भिकारनीचे पाह्यले. फुगलेला गळा एक बी नाई. मार मातर दोनदा खाल्ला."

"कोठी?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना त्या भागातच गोडी होती.

"एकदा बंदरावर अन् एकदा देवळात. देवळातला जास्त लागला."

मग त्यांनी विचार केला की तिथं असं काय आहे जे आपल्याकडे नाही. समुद्र आहे. समुद्रातलं पाणी, मीठ, शिंपले, मासे, जे जे हाती लागलं ते त्यांनी आळीपाळीनं स्वतः खाऊन पाहिलं आणि मग इकडच्या दोन-चार फुगलेल्या गळ्यांना देऊन पाहिलं. शेवटी ते समुद्रातल्या शेवाळावर येऊन थांबले. ते वाळवायचं, मडक्यात तोंड लिंपून जाळायचं आणि राख गुंजेनं मोजून द्यायची. कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीवानांना ते शेवाळ आणायला सांगत. गाडीवान हसत, पण आणत. एकानं पोतंभर आणलं त्यात निम्मे वाळके मासे निघाले, आणि बुवांची आळी तर सगळी माळकऱ्यांची. आठ दिवस लोक नाकाला पदर लावून फिरत होते. बुवांनी सगळ्यांची माफी मागितली आणि मासे वेगळे जाळून त्यांची राख कशी लागते तेही पाहिलं.

पण औषध सापडणं सोपं होतं, असं तेच म्हणायचे. किती द्यायचं ते सापडणं कठीण.

मला पहिल्यांदा अर्धी गुंज राख दिली, मधातून, पहाटे अनशापोटी. चाळीस दिवस. त्यात बदल नाही. सातव्या दिवशी आमचे हे भाजी घेऊन बाजारात गेले तेव्हा बुवांना म्हणाले, "फरक नाई पडून राहिला."

"थांब."

"पन बुवा—"

"थांब म्हनतो ना. कपाशी पेरली का सातव्या दिवशी बोंड पाह्यतं का कोनी? आधी कमी द्यायचं, मंग थांबायचं, मंग पाह्यचं. जलदी असंन तर दुसरे वैद लय हायेत."

कपाशीचं पीक बोललेलं चालायचं. भाव चालायचा नाही.

चाळीस दिवसांनी एक गुंज झाली, आणखी चाळीस दिवसांनी दीड. बुवा स्वतः पंधरा दिवसांनी एकदा वलगावला चालत यायचे. नाडी पाहायचे, पण मला वाटतं ती आमच्या समाधानासाठी. त्यांच्या खऱ्या परीक्षा वेगळ्या होत्या. एक होती धूळपाटी. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं एक अक्षर काढून मला गिरवायला लावायचं आणि पंधरा दिवसांनी येऊन ते विचारायचं. डोक्यात किती टिकतं ते त्यांना पाहायचं होतं. सासूबाई भडकल्या. अक्षर शिकलेली सून वलगावात कुणी पाहिली नव्हती.

"हे अक्षर नोय, माय," बुवा म्हणाले. "दवाई हाय."

दवाई म्हटल्यावर सासूबाईंचा इलाज चालेना. पहिल्या पाच अक्षरांतली माझी दोनच टिकली. श्रावणापासून चार टिकायला लागली. अशी माझी सगळी बाराखडी गुणदोषांसकट राखेच्या पुड्यांबरोबर पोटात गेली, आणि आज मी हे लिहिते आहे ते त्या दवाईच्या जोरावर.

नवरात्रात मोठी गंमत झाली. नव्या पोत्यातलं शेवाळ जाळलं होतं आणि ते जुन्याच्या दुप्पट जहाल निघालं. गुंजा तेवढ्याच, पण औषध जास्त. मला झोप येईना. मी तीन पायल्या ज्वारी एका दमात दळली, घरातली सगळी भांडी घासली आणि घासलेली पुन्हा घासली. छाती धडधडायची, हात कापायचे. आणि चार वर्षं मनात ठेवलेलं सगळं एका दुपारी मी सासूबाईंना ऐकवलं. लग्नातल्या मानपानापासून ते परवाच्या लोणच्यापर्यंत. शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

बुवा आले ते सगळं ऐकून खाटेजवळ येऊन उभे राहिले. इतकं खूश मी त्यांना क्वचित पाहिलं.

"सासूले काय काय म्हनली? सगळं सांग."

सासूबाईंनीच सगळं सांगितलं, काहीही न गाळता.

"वा! आता वरचा बांध समजला," बुवा म्हणाले. "खालचा बांध ठाव होता, वरचा नव्हता. आता या दोहीच्या मधात कोठी तरी हिचं वावर हाय."

"तुमाले बांध समजला," सासूबाई म्हणाल्या, "अन् माही इज्जत गेली."

त्या दिवसापासून नवं पोतं आलं की बुवा पहिल्यापासून सुरुवात करायचे. आधी कमी, मग थांबणं.

कार्तिकात थंडी पडली आणि त्यांनी तुपाची परीक्षा काढली. थिजलेल्या तुपाचा हरभऱ्याएवढा गोळा माझ्या तळहातावर ठेवायचा आणि स्वतः मोठ्यानं पावकी, म्हणजे पाव-पावाचा पाढा, म्हणायला लागायचं. तूप वितळलं की थांबायचं. चांगल्या माणसाच्या हातावर पावकी निम्मी व्हायच्या आत तूप वितळतं, असं त्यांनी अर्ध्या अमरावतीच्या हातांवर ठेवून ठरवलं होतं. माझ्या हातावर पहिल्या दिवशी पावकी संपली, मग अर्ध्याचा पाढा निमकी, तीही संपली, बुवांचा घसा बसला आणि गोळा होता तसाच. सासूबाई मागून म्हणाल्या, "मुडदा हाय का मानूस?" बुवांनी राख पाव गुंज वाढवली.

पौषात निमकीच्या मध्यावर, माघात पावकीच्या शेवटाशी, असं करत फाल्गुनाच्या शेवटी तूप पावकीच्या सहाव्या ओळीला वितळलं. बुवांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा सहावी ओळ. त्यांना वाटलं, पोरगी वरच्या बांधाकडे निघाली. नवरात्रातलं त्यांच्याही मनात राहिलं असणार. दोन गुंज राख होती, ती त्यांनी एक केली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मला ते नीट आठवत नाही. चैत्र, वैशाख कसे गेले ते कळलं नाही. लोक बोलायचे ते विहिरीच्या काठावरून बोलल्यासारखं यायचं. आषाढात मी चुलीपुढे बसल्या बसल्या झोपले आणि पदराला विस्तव लागला. सासूबाईंनी विझवला. त्यांच्या मुदतीचं वर्ष संपून महिना झाला होता. त्या रात्री त्या यांना म्हणाल्या, "दर्यापूरले निरोप धाडतो मी." हे बैलांना वैरण टाकायला उठले. मला राग यायला हवा होता. मला फक्त झोप येत होती.

चैत्रातच शेवाळासाठी मुंबईला गेलेले बुवा दोन दिवसांनी आले, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तूप मागवलं. पावसाळी गारव्यात ते माझ्या हातावर ठेवलं, पावकी सुरू केली आणि मध्येच थांबले. मग दुसरा गोळा त्यांनी स्वतःच्या हातावर ठेवला. त्यांचा वितळला, माझा तसाच. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले. मग सासूबाईंपुढे गेले आणि हात जोडले.

"माय, चूक माही हाय. फागनाच्या शेवटी तूप हिनं नाई वितळवलं. उन्हानं वितळवलं. वऱ्हाडातला मानूस मी, अन् मी ऊन इसरलो."

सासूबाईंच्या उभ्या आयुष्यात चूक माझी असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. ना वैद्यानं, ना भटजीनं, ना माझ्या गेलेल्या सासऱ्यांनी. त्यांनी विचारलं, "आता किती दिवस लागतीन?"

"दोनदा चाळीस."

"देल्ले," सासूबाई म्हणाल्या आणि बुवांसाठी भाकरी टाकायला उठल्या. दर्यापूरला निरोप गेला नाही.

त्यानंतर परीक्षेला दोन हात लागायचे, एक माझा आणि एक धडधाकट माणसाचा. धडधाकट माणूस म्हणून बुवांनी सासूबाईंना नेमलं. त्या इतक्या सुखावल्या की त्यांनी त्या दिवशी नवं लुगडं नेसलं. सासू आणि सून समोरासमोर बसलेल्या, हातावर तूप, मध्ये बुवा पावकी म्हणतायत, हे बघायला आळीतले लोक निमित्त काढून येत. पहिल्या वेळी त्या सहज जिंकल्या. पुढे माझा हात तापायला लागला आणि त्यांना हरायची धास्ती वाटायला लागली. एकदा त्यांचं तूप तिसऱ्याच ओळीला वितळलं. बुवांनी त्यांचा हात नाकाशी नेऊन हुंगला.

"माय, चुलीजवळून आली ना तू हात शेकून?"

"थंडी होती," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांना हसू आवरलं नाही. त्या घरात आम्ही तिघं एकदम हसलो असं ते पहिल्यांदाच.

सव्वादोन गुंज. माझं वावर तिथं सापडलं. केस आले, आवाज आला, हिशेबाला डोकं चालायला लागलं. एक दिवस हार गुंफताना आमच्या यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा मला कळलं की मी गाते आहे.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले.

तोवर बुवा अकोल्याला लेकीकडे राहायला गेले होते. हात कापायला लागले होते, एकटं भागत नव्हतं. राखेचं मडकं त्यांनी मला देऊन ठेवलं होतं आणि मी माझी पुडी यांच्याकडून मोजून घेत होते. तिसऱ्या महिन्यात मला ओळखीची थंडी वाजायला लागली. जीभ जड झाली. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं राख खाऊ नये, बंद कर. गावातल्या वैद्यानंही तेच सांगितलं. मला रोज माझा भाऊ दिसायला लागला, कोपऱ्यात बसलेला, न बोलणारा. मी यांना म्हटलं, मला अकोल्याला न्या.

गाडीनं तीन दिवस लागले. लढाई संपली होती, भाव कोसळले होते आणि वाटेवर न खपलेल्या कापसाच्या गाड्या उदास चालीनं चालल्या होत्या. बुवा ओसरीवर बसले होते. बसलेले बुवा मी पहिल्यांदा पाहिले. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "बंद करू, तेवढीच घेऊ, का वाढवू?"

"मले मालूम नाई," ते म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करताहेत.

"खरंच मालूम नाई, पोरी. पोटुशी बाईले ही राख मी कधी देल्ली नाई. मेळघाटात दोघी-तिघीइले म्हनून पाह्यलं, त्या पयाल्या. कमी पडली तर काय होते ते तुले मालूम हाय, तुह्या माहेरातच हाय. जास्त झाली तर पोटातल्याचं काय होते ते कोनालेच मालूम नाई. तू सांग."

मला राग आला. तीन दिवस हाडं खिळखिळी करून मी काय हे ऐकायला आले होते? "मी काय सांगू, बुवा? मी माळ्याची सून. वैद तुमी हा."

"दोन वर्सं मी तुह्या अंगाले इचारून राहिलो अन् तू मले सांगून राहिली. आता मधात मी कायले पायजे? काय म्हनते अंग?"

तीन महिन्यांत माझं काय काय वाढलं ते मी बोटांवर मोजायला लागले. त्यांनी घाई केली नाही, ती त्यांना येतच नव्हती. शेवटी मी म्हटलं, "भाकर दोघांची लागून राहिली. पानी दोघांचं लागून राहिलं. मंग राख एकाचीच कशी पुरंल?"

बुवा पुढे झुकले. "किती?"

"अर्धी गुंज वर."

"एक काहून नाई?"

"वरचा बांध मले आठवते."

ते हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग लेकीला हाक मारून काटा मागवला. स्वतः मोजायला गेले तर हात थरथरून राख सांडली. त्यांनी काटा माझ्यापुढे सरकवला. मी गुंजा टाकल्या, राख टाकली, पारडं स्थिर व्हायची वाट पाहिली. ते माझ्या हातांकडे बघत होते. माझे हात कापले नाहीत.

निघताना मी पाया पडले तेव्हा म्हणाले, "पोरगं का पोरगी ते मले नको सांगू. एकच निरोप धाड. रडलं कसं, तेवढं सांग. तवरोक मी थांबतो."

फाल्गुनात सकाळी उन्हं आल्यावर मी बाळंत झाले. सुईणीनं बाळ उचललं आणि आवाज आला नाही. एक श्वास, दोन श्वास. मला वाटलं मी अकोल्याला जाऊन माझ्या हातानं चूक मोजून आणली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की पुढे चार दिवस वळ होते. आणि मग बाळ रडलं.

हे न जेवता गाडी जुंपून अकोल्याला निघाले. सातव्या दिवशी परत आले. दारात बैल सोडले, हातपाय धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसले, तेव्हाच मला कळलं. बुवा पौषातच गेले होते. त्यांच्या लेकीनं यांना विचारलं, काय निरोप होता? यांनी सोडलेले बैल पुन्हा जुंपले. निरोप न सांगताच ते माघारी आले.

आता मीही म्हातारी झाले आणि त्या निरोपाचं दुसरं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही. तेव्हा इथंच सांगते. लय मोठ्यानं रडली, बुवा. रस्त्यापर्यंत आवाज गेला.